मुकी हाळी

१

दसऱ्याच्या पहाटे बिबट्या नाथाच्या मेंढवाड्यात शिरला. वाघरीची जाळी त्यानं ओलांडली, कुत्र्याचा गळा धरला, मेंढ्या लोळवल्या आणि मध्ये पडलेल्या नाथाचा जबडा फाडून डोंगराकडं निघून गेला. या सगळ्या वेळात खांबावरच्या पेटीचा हिरवा दिवा जळत होता. कॅमेरा उघडा होता, बॅटरी भरलेली होती, भोंगाही ठीक होता. पेटी बिघडली नव्हती. ती गप्प राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच पेटी घोंगडीत गुंडाळून बिभीषण आष्टीच्या पेठेतल्या गुरुलिंगअप्पांच्या दुकानात आला. आसपासच्या सगळ्या मेंढपाळांचा तो म्होरक्या. त्यानं घोंगडी काउंटरवर शिवांजलीपुढं सोडली. पेटीच्या कडेला रक्त सुकलं होतं.

पेटीचं नाव 'हाळी'. रानात बिबट्या दिसला की कॅमेऱ्यानं ओळखायचं आणि भोंग्यानं ओरडायचं, एवढंच तिचं काम. पेट्या अप्पांच्या दुकानात जोडल्या जात. आतलं सॉफ्टवेअर त्यांच्या पुतणीनं, शिवांजलीनं लिहिलं होतं. अप्पांचा मुलगा मृत्युंजय पेट्या विकायचा. दुकानातला कारागीर अंगद त्या रानात बसवायचा. अंगद नाथाच्याच भावकीतला.

"अप्पा, ही तुमची हाळी," बिभीषण म्हणाला. "नाथ्याचं तोंड शिवलंय नगरच्या दवाखान्यात. त्याला बोलता येईना. तवा आता तुमी बोला. ही कावून वरडली न्हाई?"

अप्पांनी पेटी दोन्ही हातांनी जवळ ओढली. उजव्या हाताची अनामिका त्यांनी तरुणपणी तेलघाण्याच्या चाकात पेराएवढी गमावली होती. घरच्यांना आता ते दिसतही नसे. "बघतो बिभीषणराव. मला एक दिवस द्या."

"दिवस न्हाई. बिबट्या अजून डोंगरातच हाय. तुमच्या पेट्या आमच्या समद्या वाड्यांवर हायेत. त्यातली जागी कोणती अन् झोपल्याली कोणती, ते दिवस मावळायच्या आत सांगा. न्हाई तर समद्या हिरीत टाकतो. आन ज्यानं ही मुकी केली, त्याला ठाण्यात नेतो."

"सगळ्या टाकल्या तर जाग्या असलेल्यापण जातील, काका," शिवांजली म्हणाली.

"तू बोलू नगंस. तूच लिव्हलंस ना ह्यातलं?"

तेवढ्यात दारातून एक बाई आत आली. ती इतका वेळ बाहेर उभी राहून दुकानाची जीप बघत होती. जीपवर दसऱ्याचा झेंडूचा हार सुकला होता आणि बॉनेटवर भस्माचे पट्टे होते.

"ही सुकन्या, माझी पुतणी," बिभीषण म्हणाला. "पुण्याला अशाच कामात हाय. दसऱ्याला आलती, धरून आणली."

"म्हणजे तुमच्या बाजूची," मृत्युंजय हसून म्हणाला.

"मी मेंढ्यांच्या बाजूची," सुकन्या म्हणाली. "स्क्रू ड्रायव्हर आहे का?"

२

सुकन्याचं पुण्यातलं काम ऐकायला कंटाळवाणं होतं. दुसऱ्यांनी लिहिलेली सॉफ्टवेअरची पॅकेजं मूळ कोडपासून पुन्हा बांधायची आणि आपल्या हातचं बांधलेलं त्यांच्याशी जुळतं का, ते बघायचं. तिनं पेटी उघडली, आतलं पॅकेज आपल्या लॅपटॉपवर घेतलं, आणि शिवांजलीनं दुकानाच्या सर्व्हरवर ठेवलेलं अधिकृत पॅकेज शेजारी उघडलं.

"दोन्हींचे ठसे वेगळे आहेत," ती म्हणाली.

"बोटाचे?" अंगदनं दचकून विचारलं.

"फाईलचे. फाईलमध्ये एक अक्षर जरी हललं तरी तिचा आकड्यांचा ठसा पार बदलतो." ती खाली वाचत गेली. "शिवांजली, प्राणी बिबट्याच आहे याची पेटीला किती खात्री झाली की ती ओरडते?"

"साठ टक्के."

"पेटीतल्या पॅकेजमध्ये सत्त्याण्णव आहे."

शिवांजलीला तो आकडा कळायला क्षणभर लागला. सत्त्याण्णव टक्के खात्री अंधारात कधीच होत नाही. बिबट्या भिंगासमोर येऊन बसला तरच. म्हणजे हे बिघडलेलं नव्हतं. कुणीतरी मुद्दाम आकडा बदलून पॅकेज नव्यानं बांधलं होतं आणि पेटीत घातलं होतं.

"बांधणाऱ्याचं नाव लिहिलंय आत?" मृत्युंजयनं विचारलं.

सुकन्यानं पडदा सगळ्यांकडं वळवला. बांधणारी: शिवांजली. ज्या फोल्डरात बांधलं त्याच्या पत्त्यातही तिचंच नाव. तारीख चौथ्या माळेची.

चौथ्या माळेला दुकानातले सगळे तुळजापूरला गेले होते. शिवांजली एकटी मागं राहिली होती, काम उरकायचं म्हणून.

बिभीषणनं घोंगडी खांद्यावर टाकली. अप्पा खुर्चीत खाली बसले.

"शिवे," मृत्युंजय हळू आवाजात म्हणाला, "चाचणी घेताना चुकून राहिलं असंल तर सांग. आपल्याच घरातली आहेस. कुणी खाणार नाही तुला."

"मी नाही केलं, दादा."

"मग नाव कुणाचं आहे ते?"

३

सुकन्यानं तिला मागच्या खोलीत नेलं. खोलीत मेलेल्या लॅपटॉपची आणि टीव्हीची मांडणी छतापर्यंत होती.

"तू केलंस?"

"नाही."

"बरं. कोड आणि रेसिपी फाईल दे."

"एवढंच विचारणार?"

"तू आणखी काय सांगणार? तुझ्यापेक्षा पॅकेज जास्त बोलतं."

रेसिपी फाईल म्हणजे पॅकेज बांधायची कृती. कोड कुठून घ्यायचा, त्यात बाहेरचे कोणते भाग मिसळायचे, कोणत्या क्रमानं, हे त्यात लिहिलेलं असतं. टर्मिनलवर एक कमांड दिली की टूल ती कृती वाचतं आणि पुढचं सगळं स्वतः करतं. सुकन्यानं टर्मिनल उघडलं, कमांड टाइप केली. काळ्या पडद्यावर ओळी धावू लागल्या.

"तुझ्या स्वच्छ कोडपासून मी बांधतेय. ठसा तुझ्या अधिकृत पॅकेजशी जुळायला हवा. कारण तारीखही मूळ कोडमध्ये शेवटच्या नोंदवलेल्या बदलाचीच छापली जाते, घड्याळाची नाही. तूच तसं ठेवलंयस."

"हो. दोघांनी वेगवेगळ्या दिवशी बांधलं तरी एकच निघावं म्हणून." शिवांजली थबकली. "म्हणजे चौथी माळ ही बांधल्याची तारीख नव्हेच!"

"नव्हे. आणि नाव तुझ्या रेसिपीत आहे. ती घेऊन कुणीही बांधलं तरी तुझंच छापणार. रेसिपी जिची, स्वयंपाक तिनंच केला असं थोडंच असतं?"

शिवांजलीनं सुटकेचा श्वास घेतला, तोच ओळी थांबल्या. ठसा आला. तो अधिकृत पॅकेजशी जुळत नव्हता.

"हे कसं शक्य आहे?" तिनं दोन्ही ठसे पुन्हा वाचले. "कोड तोच, रेसिपी तीच..."

सुकन्या रेसिपी पुन्हा वाचत होती. एका ओळीवर तिचं बोट थांबलं. "चित्र ओळखायचा तयार भाग, ती लायब्ररी, तू बाहेरून घेतेस. तिची कोणती आवृत्ती घ्यायची ते लिहिलंच नाहीस. मग टूल त्या घडीला जी नवी असेल ती उचलतं."

शिवांजलीचे कान तापले. कॉलेजच्या पहिल्या वर्षाची पोरंही ही चूक करत नाहीत. "राहून गेलं."

"नवी आवृत्ती कधी निघाली बघ."

शिवांजलीनं नेटवर बघितलं. "नवमीला. सकाळी, नऊनंतर."

सुकन्यानं साठाच्या जागी सत्त्याण्णव टाकले आणि तीच कमांड पुन्हा दिली. दोघी पडद्याकडं बघत राहिल्या. बाहेर बिभीषणचा आवाज चढत होता. ओळी थांबल्या, ठसा उमटला. सुकन्यानं तो पेटीतल्या पॅकेजच्या ठशाशेजारी ठेवला.

पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत दोन्ही एक होते.

"आता कळलं," सुकन्या म्हणाली. "पेटीतलं पॅकेज नव्या लायब्ररीचं आहे. म्हणजे नवमीच्या सकाळनंतर बांधलेलं. आणि दसऱ्याच्या पहाटे ते पेटीत होतं. मधला एकच दिवस उरतो. तुझ्या चुकीनंच तुला वाचवलं बघ. या पेटीसाठी बांधायची सामग्री कुणाकुणाच्या यंत्रावर आहे?"

"तीनच लॅपटॉप. माझा, दादाचा, अंगदचा." शिवांजली बोलता बोलता थांबली. "पण नवमीला शक्यच नाही."

"का?"

"खंडेनवमी. आमच्याकडं हत्यारं पूजेला बसतात. तिन्ही लॅपटॉप सूर्य उगवायच्या आत पाटावर मांडले होते. दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत कुणीही उचलले नाहीत. काकू तिथून हललीच नाही."

४

शांतादेवी, अप्पांची बायको, पाटावरचे झेंडू आवरत होत्या. त्यांना हा प्रश्नच आवडला नाही.

"नंदादीप असतो बाई. तो विझू द्यायचा नसतो. मी समोर बसले ती दसऱ्याला सकाळी उठले."

"डोळा लागला असेल?"

"दिव्यासमोर? आणि लागला तरी काय? तिन्ही लॅपटॉप, तराजू, ड्रिल, सगळ्यांवरून मिळून एकच लांब हार घातला होता मी. कुणी एक जरी ओढलं असतं तर हार तुटला असता. तो अखंड होता. ह्यांनी स्वतः काढला."

"भस्म कुणी लावलं?"

"कोण लावणार? घरात कर्ता पुरुष आहे की." बोलताना त्यांचा हात नकळत कपाळाकडं गेला. "आणि ते आम्ही पुसत नसतो. आपोआप जाईल तेव्हा जाईल."

सुकन्यानं मान डोलावली आणि अंगदला हाक मारली. लॅपटॉप घेऊन ये म्हणाली.

अंगद आला तो आधीच घामाघूम. त्याच्या लॅपटॉपचं झाकण तेलकट होतं, एका कोपऱ्यात ढोलाचं स्टिकर, मध्ये भस्माचे दोन ठळक पट्टे, खाली नुसता एक ठिपका. सुकन्यानं तो उघडला. आत काहीच नव्हतं. कालच सगळं पुसून नव्यानं टाकलेलं.

"कावून पुसलंस रे?" ती एकदम त्याच्या बोलीत उतरली.

"जागा न्हवती, ताई. दसऱ्याच्या ढोलाचे व्हिडिओ भरायचे व्हते."

"नाथाकाका दवाखान्यात, अन् तू व्हिडिओ भरत व्हतास?"

अंगदचं तोंड उतरलं. "मला खबर दुपारी लागली. त्याआधी पुसलं मी. बिरोबाची आन. नवमीला मी देवाच्या ठाण्यावर ढोल वाजवत व्हतो, समद्या गावानं बघितलंय."

"समदं गाव ढोल ऐकतं बे, वाजवणारा कोण बघतं?" बिभीषण दारातून गुरकावला. "नाथ्याच्या पेटीला हात लावणारा तूच. अजून कोण?"

सुकन्यानं साखराबाईला फोन लावला. नाथाची बायको दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. आवाज रडून बसलेला.

"नवमीला दुपारी मी लांब रानात व्हते, माय. वाड्यापाशी फटफटी दिसली. खांबावर कुणीतर चढल्यालं. तोंड न्हाई दिसलं. पर नाथानं हात केला त्याला. म्हंजी वळखीचंच."

फोन स्पीकरवर होता. सगळ्यांचे डोळे अंगदकडं वळले.

मृत्युंजय स्वतःहून लॅपटॉप घेऊन आला. चामडी बॅगेतून त्यानं तो काढला आणि उघडून सुकन्यापुढं ठेवला. चहाही त्यानंच सांगितला. त्याचं सगळंच नीटनेटकं असायचं: टेबल, बॅग, काळं झाकण, झाकणावर भस्माचे तीन पट्टे, फूटपट्टीनं आखल्यासारखे सरळ. दिलेल्या कमांडची यादी सुकन्यानं चाळली. बांधायची एकही कमांड नव्हती.

"नवमीला कुठं होतात?"

"घरीच. सांजच्याला देवीला जाऊन आलो. माझ्याकडंपण फटफटी आहे, हे विचारायचं राहिलं तुमचं." तो हसला. "पण लॅपटॉप पाटावर असताना मी काय पाटीवर लिहून पॅकेज बांधणार?"

सुकन्याही हसली. शिवांजलीला वाटलं, आता हिच्याकडंही विचारण्यासारखं काही उरलं नाही. तीनच यंत्रं होती आणि तिन्ही हाराखाली होती. त्या दिवशी कुठल्याच यंत्रावर न बांधलेलं पॅकेज पेटीत होतं, आणि त्यावर नाव तिचं होतं.

५

ऊन पलीकडच्या भिंतीवर चढलं. बिभीषणनं दोन पोरांना डोंगराकडं पिटाळलं होतं, पेट्या उतरवायला.

"त्यांना थांबवा," शिवांजली म्हणाली. "एका पेटीसाठी सगळे वाडे उघडे टाकताय तुम्ही."

"एकच हाय हे कुणी सांगितलं? तू?"

ती दारात जाऊन डोंगराकडं बघत राहिली.

सुकन्या मात्र दुकानभर हिंडत होती. तराजूपाशी थांबली, ड्रिल उचलून बघितलं, बाहेर जाऊन जीपच्या बॉनेटवर वाकली, मग शिवांजलीचा लॅपटॉप तिरका धरून उजेडात न्याहाळला. परत येऊन ती अप्पांपुढं उभी राहिली.

"अप्पा, यंदा माझ्या लॅपटॉपची पूजा राहिली. तुमच्या हातानं भस्म लावाल?"

बिभीषण उसळला. "दिवस कलला अन् तू पूजा मांडती? याच्यासाठी आणली व्हय तुला?"

"लावा अप्पा."

अप्पांनी तिच्याकडं बघितलं. त्या डोळ्यांत थट्टा नव्हती. त्यांनी कोनाड्यातलं भस्म वाटीत घेतलं, पाण्याचे चार थेंब टाकले, तीन बोटं बुडवली आणि बंद झाकणावर डावीकडून उजवीकडं ओढली. रोज ओढायचे तशीच, न बघता. सुकन्या मात्र एकटक बघत होती.

मग ती काही न बोलता मागच्या खोलीत गेली. मांडणीवरून लॅपटॉप काढून ठेवल्याचे आवाज येत राहिले. एक, पुन्हा एक. मृत्युंजय उठला. "काय हवंय तुम्हाला? मी काढून देतो," म्हणत तो खोलीकडं निघाला.

"नको," आतून आवाज आला. "सापडलं."

सुकन्या बाहेर आली. तिच्या ओढणीखाली काहीतरी चपटं होतं.

६

"पॅकेज नवमीला बांधलं गेलं," ती म्हणाली. "बांधायची सामग्री तेव्हा तीनच लॅपटॉपवर होती. पाटावर तीन लॅपटॉप होते, काकू हलल्या नाहीत, हार तुटला नाही. हे सगळं खरं आहे. मग एकच वाट उरते. पाटावर तीन लॅपटॉप होते, पण ते *हे* तीन नव्हते."

तिनं शिवांजलीचा आणि अंगदचा लॅपटॉप काउंटरवर ठेवला, शेजारी आपला.

"अप्पांचा हात बघा. तीन बोटं ते सारखीच ओढतात. पण अनामिकेला पेर नाही. ती टेकते न टेकते. खालचा पट्टा कधीच उमटत नाही पुरता. जीपवर बघा, तराजूवर बघा. शिवांजलीच्या लॅपटॉपवर तुटक रेघ आहे, अंगदच्या लॅपटॉपवर नुसता ठिपका. आत्ता माझ्या लॅपटॉपवर लावलं, त्यातही तेच."

शिवांजलीनं झाकणांकडं बघितलं. जन्मापासून दरसाल ती हे पट्टे बघत आली होती. एकदाही तिच्या लक्षात आलं नव्हतं.

सुकन्यानं मृत्युंजयचा लॅपटॉप चौथा ठेवला. तीन पट्टे. तिन्ही भरीव, तिन्ही सारख्या लांबीचे.

"हे अप्पांच्या हातचं नाही. हे कुणीतरी धड बोटांनी नंतर लावलंय. म्हणजे हा लॅपटॉप नवमीला पाटावर नव्हता. कमांडची यादी काय, निवडून पुसता येते."

"भस्म हातांनी पुसटतं," मृत्युंजय म्हणाला. "मी परत लावलं असेल."

"तुमच्यात ते पुसत नाहीत, आपोआप जाईपर्यंत तसंच ठेवतात. काकू आत्ताच म्हणाल्या." तिनं ओढणीखालून चपटी वस्तू काढली. जुना, मेलेला लॅपटॉप. मृत्युंजयच्याच बनावटीचा, तसाच काळा. मांडणीवर तो उलटा, झाकण खाली करून ठेवला होता. तिनं तो सरळ केला.

झाकणावर भस्माचे दोन ठळक पट्टे होते. तिसरा उमटता उमटता विरलेला. बिजागरीत झेंडूची एक पाकळी अडकली होती.

"मेलेल्या लॅपटॉपची कुणी पूजा का मांडेल?" सुकन्यानं विचारलं.

मृत्युंजयनं त्या झाकणाकडं बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा नीटनेटकेपणा उतरला.

"मला मुकी करायची नव्हती," तो म्हणाला. "थोडी गप्प करायची होती. दसऱ्याच्या रात्री जालन्याकडची पार्टी नाथाच्या वाड्यावर मुक्कामाला येणार होती, पेटी बघायला. त्यांचा फोन अष्टमीच्या रात्री आला, आणि दसऱ्याला मला घरातून हलता आलं नसतं. पेटी कुत्र्यालापण ओरडायची, कोल्ह्यालापण. नाथा शिव्या घालायचा, मेंढ्या बुजायच्या. शिवांजलीला म्हणालो आकडा वाढव, तर म्हणे चाचण्या झाल्याशिवाय नाही. एका रात्रीचा प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी मी परत साठ करणार होतो."

"आन सकाळपास्नं?" बिभीषणचा आवाज एकदम खाली आला होता. "सकाळपास्नं हितं उभा ऱ्हाऊन तू ह्या पोरीचं नाव वाचून घेतलंस."

शिवांजलीला मृत्युंजयचं सकाळचं हळू आवाजातलं वाक्य आठवलं. रागाला वेळ नव्हता.

"दादा, आणखी किती पेट्यांत घातलंस?"

तो काउंटरवरचे लॅपटॉप सरळ रेषेत लावू लागला.

"दादा, ऊन गेलंय. किती?"

"एक. तानाजीच्या वाड्यावर. पार्टी तिकडंपण चक्कर टाकणार होती."

तानाजी नाथाचा भाऊ. त्याचा वाडा त्याच डोंगराच्या खालच्या अंगाला. तिथं फोनला रेंज नव्हती.

बिभीषण धावत बाहेर गेला, जीपवर थाप मारून अंगदला हाका घालू लागला. शिवांजलीनं लॅपटॉप उचलला. दारातून निघताना तिला मागं अप्पांचा आवाज ऐकू आला. त्यांनी मेलेला लॅपटॉप मांडीवर घेतला होता.

"मृत्युंजया, एवढं सगळं केलंस. याच्यावरचं एका फडक्यानं पुसलं असतंस तर कुणाला कळलं नसतं. का नाही पुसलंस?"

"तुमच्या हातचं होतं, अप्पा."

अप्पा उठले. "चप्पल घाल," ते म्हणाले. "आधी नाथाच्या बायकोपुढं उभा राहा. मग ठाण्यात. मी येतो बरोबर."

७

अंगद जीप अशी हाणत होता की सुकन्यानं दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरला होता. मागच्या सीटवर शिवांजलीच्या मांडीवर लॅपटॉप उसळत होता. रेंज होती तोवर तिनं लायब्ररी उतरवून घेतली. मग रेसिपीतली ती ओळ शोधली आणि लायब्ररीची जुनी, तपासलेली आवृत्ती तिथं पक्की लिहिली. कमांड दिली. खड्ड्यांतून ओळी धावत राहिल्या.

"ठसा?" सुकन्यानं मागं न बघता विचारलं.

शिवांजलीनं अधिकृत पॅकेजच्या ठशावरून बोट फिरवत नेलं. "जुळला."

बिभीषणची पोरं वाटेत भेटली. पेट्या उतरवायला निघालेली. बिभीषणनं जीपमधूनच ओरडून त्यांना परत फिरवलं. "जिथल्या तिथं ऱ्हाऊ द्या समद्या! त्या जाग्या हायेत!"

वाड्यावर पोचले तेव्हा सूर्य डोंगरामागं गेला होता आणि माथ्यावर नुसती लाल कड उरली होती. तानाजी मेंढ्या जाळीत कोंडत होता. त्याला काही समजावून सांगायला कुणाकडं सवड नव्हती. अंगद खांबावर चढला, पेटीचं झाकण उघडलं, वरून तार खाली सोडली. शिवांजलीनं ती लॅपटॉपला जोडली. जुनं पॅकेज निघालं, नवं बसलं. हिरवा दिवा विझला. पुन्हा लागला.

दिवा मघाही हिरवाच होता. त्याच्यावर आता कुणाचा विश्वास नव्हता.

"तपासायची कशी?" बिभीषणनं विचारलं.

सुकन्यानं वाटेतच मोबाईलवर उतरवलेलं बिबट्याचं चित्र उघडलं आणि वर अंगदच्या हातात दिलं. अंगदनं एका हातानं खांब धरून ते भिंगासमोर नेलं. सगळे श्वास धरून उभे राहिले. मेंढ्याही रवंथ थांबवून त्याच्याकडं बघत असल्यासारख्या वाटल्या.

पेटीनं हाळी दिली.

भोंगा डोंगरावर आदळून परत आला. मेंढ्या बुजून जाळीच्या एका कोपऱ्यात कोंबल्या गेल्या, कुत्री भुंकत सुटली, अंगद दचकून खांबावरून निम्मा घसरला.

"अरं बंद करा ती!" तानाजी कानावर हात ठेवून ओरडला. "रातभर अशी वरडायला लागली तर आमी झोपावं कवा?"

"झोप मोडेल, काका," शिवांजली म्हणाली. तिनं लॅपटॉपची तार सोडवली. "कुत्र्यालापण ओरडेल, कोल्ह्यालापण. ते उगाचचं ओरडणं मी कमी करीन, पण चाचण्या झाल्यावर. तोवर सकाळी मेंढ्या मोजाल, तेव्हा सगळ्या भरतील."

तानाजीनं तिच्याकडं बघितलं, मग वरच्या अंगाला, जिथं नाथाचा रिकामा वाडा होता.

"मग वरडू दे," तो म्हणाला, आणि जाळीची शेवटची गाठ मारायला खाली वाकला.